खोली ‘धरून ठेवा’: तारकर्ली पट्ट्यातल्या एका होमस्टेचा आणि एका एमबीए प्रोजेक्टचा प्रकरण अभ्यास

माणसांची ओळख पटू नये म्हणून गावाचा नेमका ठिकाणा आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. मी या प्रोजेक्टचा गाईड होतो, त्यामुळे लिखाण पूर्ण तटस्थ आहे असा दावा नाही.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या वर्षांत मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीपासून देवबागपर्यंतच्या पट्ट्यात घराघरांतून खोल्या निघाल्या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या जमिनीवर माडांत बसलेली घरं. पुढे अंगण, तुळस, मागे ओळीने चार-पाच खोल्या, बाजूला स्वयंपाकघर. घरचं जेवण हेच मोठं भांडवल.

या प्रकरणातलं घर असंच, पाच खोल्यांचं. काकांचा मूळ धंदा मासेमारीचा, आता अर्धा वेळ पर्यटकांच्या होडीवर जातो. घर, जेवण आणि फोन काकूंकडे. मुलगा डोंबिवलीला राहून नोकरी करतो. दोन-तीन बुकिंग साईटवर घराची नोंद त्यानेच केली, आणि त्या साईटींचे ॲप त्याच्याच मोबाईलवर आहेत. चौथा माणूस म्हणजे वाडीतला एक रिक्षावाला. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणतो, खोलीमागे थोडे पैसे घेतो.

धंद्याचे दिवस ठरलेले: दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष, मग शिमग्यापर्यंतचे शनिवार-रविवार आणि मे महिना. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, खोल्याही बंद. म्हणजे वर्षाची कमाई थोड्या दिवसांत उरकायची आणि नेमक्या त्याच दिवसांत गोंधळ.

मानसी (नाव बदललं आहे) आमच्या दोन वर्षांच्या एमबीएची विद्यार्थिनी. तिचा विशेष विषय माहिती प्रणाली आणि ई-व्यवसाय. मुलं त्याला नुसतं ‘सिस्टिम्स’ म्हणतात. प्रणाली विश्लेषण, डेटाबेस, ईआरपी (कंपनीची सगळी कामं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), ई-व्यवसायाची मॉडेलं, हे सगळं दुसऱ्या सत्रापर्यंत शिकून झालेलं. त्यानंतर आठ आठवड्यांचा समर प्रोजेक्ट. तिच्या सिनॉप्सिसचं, म्हणजे मंजुरीसाठी दिलेल्या आराखड्याचं, शीर्षक होतं ‘ग्रामीण होमस्टेसाठी ई-कॉमर्स संकेतस्थळाची रचना व विकास’. आमच्याकडे दर वर्षी अशी पाच-सहा शीर्षकं येतात. फक्त ‘होमस्टे’च्या जागी काजू, आंबा किंवा कोकम असतं.

समस्या

घरच्यांनी समस्या सांगितली ती एका वाक्यात: एकच खोली दोघांना जाते.

आदल्या डिसेंबरात ते फार वाईट तऱ्हेने घडलं होतं. कोल्हापूरचं एक कुटुंब गेली कित्येक वर्षं इथेच उतरतं. त्यांनी दिवाळीत फोन करून काकूंना सांगितलं, नाताळात दोन खोल्या धरून ठेवा, नक्की काय ते कळवतो. काकू हो म्हणाल्या. पुढे ना त्यांचा फोन आला, ना काकूंनी केला. डिसेंबरच्या मध्याला मुलाने डोंबिवलीहून विचारलं, “आये, अठ्ठावीसाक काय आसा?” काकूंनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं आणि म्हणाल्या, “काय लिवलेलां नाय.” मुलाने साईटवर खोल्या खुल्या केल्या आणि त्या तासाभरात पुण्याच्या पाहुण्यांनी घेतल्या. अठ्ठावीस तारखेला दोन्ही गाड्या अंगणात उभ्या.

साईटचं बुकिंग मालकाने मोडलं तर साईट दंड लावते, यादीत घर खाली ढकलते. त्यामुळे पुणेकरांना खोल्या मिळाल्या, आणि जुन्या पाहुण्यांपैकी निम्मे शेजारच्या घरी, निम्मे घरच्यांच्या माजघरात. पैशाचं नुकसान फारसं झालं नाही. पण ते कुटुंब पुढच्या मे महिन्यात आलं नाही.

मुलाचं निदान तयार होतं: आई लिहून ठेवत नाही. काकूंचंही तयार होतं: मुलगा विचारल्याशिवाय खोल्या उघडतो. मानसीचं निदान तिच्या सिनॉप्सिसमध्येच छापलेलं होतं: संकेतस्थळ नाही.

पहिल्या आठवड्यात तिने जे केलं ते मला या प्रोजेक्टमधलं सर्वात मोलाचं काम वाटतं, आणि गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. गेल्या डिसेंबरची आणि चालू मे महिन्याची जेवढी बुकिंगं सापडली त्यातल्या प्रत्येकाचा माग तिने काढला: फोन कधी आला, कोणी घेतला, काय बोलणं झालं, कुठे नोंदलं, पैसे कधी आले. कॉल लॉग, व्हॉट्सॲप, साईटींचे ईमेल, यूपीआयचे व्यवहार आणि कालनिर्णयची पानं, असं सगळं समोर घेऊन. संध्याकाळी काकू तिसऱ्या (शिंपल्या) साफ करत बसायच्या आणि ही शेजारी वही घेऊन. “हे सावंत कोण?” “ते न्हय, ते मागच्या वर्साचे.” असं चालायचं.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली साधी. नोंदी चार ठिकाणी होत्या: भिंतीवर, मुलाच्या ॲपमध्ये, व्हॉट्सॲपवर आणि रिक्षावाल्याच्या डोक्यात. जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांची बुकिंगं तर डिसेंबरच्या पानाच्या कडेला लिहिलेली, कारण पुढच्या वर्षाचं कॅलेंडर तोवर खिळ्यावर चढलेलं नसतं.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. काकूंच्या कॅलेंडरात खोलीच्या दोनच अवस्था होत्या. चौकोनात नाव म्हणजे भरलेली, चौकोन कोरा म्हणजे रिकामी. साईटवरही तसंच. प्रत्यक्ष धंद्यात मात्र तिसरी अवस्था सतत वापरात होती: धरलेली. पाहुणा म्हणाला ‘धरून ठेवा’, घराने शब्द दिला, पण ना ॲडव्हान्स ना मुदत. काकू असं नाव लिहीत नव्हत्या आणि त्यामागे त्यांचा विचार होता. लिहिलं की ते पक्कं झालं, मग खोडायचं कसं? न लिहिण्यात निष्काळजीपणा नव्हता. त्यांच्या वहीत त्या शब्दाला जागाच नव्हती. मानसीने माग काढलेल्या घोटाळ्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी अशी धरलेली खोली निघाली.

डेटाबेसच्या तासाला आम्ही हेच दुसऱ्या भाषेत शिकवतो. दोघांनी एकच नोंद एकाच वेळी वाचली, दोघांनाही रिकामी दिसली, दोघांनी लिहिली. यावर उपाय म्हणजे नोंद कुलूपबंद करणं आणि कुलपाला मुदत देणं. सिनेमाचं तिकीट ऑनलाइन काढताना खुर्ची काही मिनिटं अडवून ठेवतात, पैसे न भरल्यास मोकळी करतात, ते हेच. फरक इतकाच की इथे कुलूप काकूंच्या स्मरणात होतं आणि मुदत कोणीच घातली नव्हती.

तपासलेले पर्याय

स्वतःचं संकेतस्थळ हा मंजूर झालेला पर्याय. डोमेन, होस्टिंग, फोटो, पेमेंट गेटवे, आणि वर ते लोकांना सापडावं म्हणून जाहिरात. मानसीने पाहुण्यांना विचारलं तेव्हा फोनवरून येणारे ओळखीतून आलेले होते आणि बाकीचे साईटवरून. स्वतःच्या संकेतस्थळाची वाट कोणी बघत नव्हतं. शिवाय संकेतस्थळ म्हणजे बुकिंग यायला पाचवी वाट. ज्या घरात चार वाटांनी गोंधळ होतो तिथे ही कशाला, हा प्रश्न तिने स्वतःच काढला.

चॅनल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर सगळ्या साईटींना जोडलेलं असतं. एका साईटवर खोली गेली की बाकीच्यांवर लगेच बंद होते. दरमहा भाडं लागतं. मुलाचा ओढा याकडे होता आणि मोठ्या हॉटेलसाठी ते योग्यही आहे. पण इथली निम्म्याहून जास्त बुकिंगं फोनवर. ती सॉफ्टवेअरमध्ये हाताने टाकावी लागणार, म्हणजे मूळ प्रश्न तिथेच. त्यात स्वयंपाकघरात रेंज नाही. फोन लागतो तो अंगणातल्या माडाखाली.

साईटींची कॅलेंडरं एकमेकांना फुकट जोडता येतात, आयकॅल नावाच्या फाईलने. ही जोडणी तत्क्षणी होत नाही, साईट ठरावीक वेळाने फाईल वाचते. नाताळच्या आठवड्यात गोंधळ व्हायला मधले काही तास पुरेसे असतात.

वाटणीचा पर्याय सर्वात कमी तंत्राचा: गर्दीच्या दिवसांत दोन खोल्या साईटींना, तीन फोनला, आणि एकमेकांच्या खोल्यांना हात लावायचा नाही. धोका असा की एका बाजूला खोली रिकामी राहते आणि दुसऱ्या बाजूला पाहुणा परत जातो. साईटी पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या घरात कमिशन घेतात, हे हिशोबात धरलं तर फोनसाठी थोडी रिकामी राहिलेली खोली वाटते तितकी महाग पडत नाही. मानसीने हे गणित नीट मांडलं होतं.

पाचवा पर्याय सर्वांनी एकच सामायिक कॅलेंडर वापरण्याचा, गूगलचं किंवा दुसरं कुठलं.

करांची बाजूही तिने तपासली, कारण मुलाला साईट वाढल्या की जीएसटी मागे लागेल अशी भीती होती. सेवांच्या उलाढालीची मर्यादा २० लाख रुपये आहे. तिच्या आतल्या घराला नोंदणी लागत नाही, आणि साईटवरून आलेल्या अशा मुक्कामाचा कर जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) नुसार साईटनेच भरायचा असतो. ती भीती तिथेच संपली.

निर्णय आणि कृती

*शीर्षक बदलायचं का?* तिसऱ्या आठवड्यात मानसी माझ्याकडे आली ती हा प्रश्न घेऊन. संकेतस्थळ नको असं तिचं मत झालं होतं, पण मंजूर सिनॉप्सिस संकेतस्थळाचा. गुणांच्या तक्त्यात डेटा प्रवाहाच्या आकृत्या, स्क्रीनची चित्रं, चाचणीचा अहवाल. जे बांधायचंच नाही त्याची चाचणी काय दाखवणार? दोन वाटा होत्या. एक म्हणजे नावापुरतं संकेतस्थळ करून गुण घ्यावेत आणि खरं काम वेगळं करावं. दुसरी म्हणजे शीर्षक बदलण्याचा अर्ज करावा, विभागाची नाराजी ओढवावी. तिने अर्ज केला. तो मंजूर झाला, पण ‘प्रणालीचा नमुना सादर करावा’ या अटीवर. ही अट पुढे महत्त्वाची ठरली.

*लिहिणार कोण?* साधन कुठलं यापेक्षा हा निर्णय कठीण गेला. मुलाचं म्हणणं, ॲप माझ्याकडे आहेत, नोंद मीच करतो, आईने मला फोन करावा. ऐकायला सुटसुटीत. पण तो दिवसभर ऑफिसात, मीटिंगमध्ये फोन घेत नाही, आणि पाहुण्याला उत्तर त्याच क्षणी हवं असतं. काकूंचं म्हणणं वेगळंच होतं: “घर माझां, जेवाण माझां, आणि खोली आसा काय ता मी झिलाक इचारू?” या वाक्यात अधिकाराचा प्रश्न पुरता आला. काका त्यावर काही बोलले नाहीत, उठून जाळं बघायला गेले.

शेवटी ठरलं ते असं. अंतिम नोंद काकूंची. त्यांनी लिहिल्याशिवाय कुठलीही खोली पक्की नाही. रिक्षावाल्याने पाहुणा गाडीत घेण्याआधी फोन करायचा. गर्दीच्या दिवसांत साईटींना दोनच खोल्या, बाकी दिवसांत मुलाने काकूंना विचारून उघडायच्या. म्हणजे वाटणी आणि एकच वही यांचं मिश्रण.

*‘धरलेली’ला मुदत किती, आणि ॲडव्हान्स कोणाकडून?* मानसीचा प्रस्ताव होता सरसकट दोन दिवस, तोवर यूपीआयने ॲडव्हान्स, नाहीतर खोली मोकळी. नव्या पाहुण्यांना हे लगेच लागू झालं. जुन्यांच्या बाबतीत काकू अडल्या. दहा वर्षं येणाऱ्या माणसाकडे आगाऊ पैसे मागायचे म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असंच सांगणं, असं त्यांचं मत. मुलाला हे भाबडेपणाचं वाटलं. मला तसं वाटत नाही. या घराचा धंदाच त्या ओळखीवर उभा आहे आणि तिची किंमत कुठल्याही साईटच्या कमिशनपेक्षा जास्त आहे. तोडगा काकूंनीच काढला: जुन्यांकडे ॲडव्हान्स मागायचा नाही, पण दोन दिवसांनी त्यांना फोन आपण करायचा. पैशाऐवजी फोन, मुदत तीच.

मग सामायिक कॅलेंडर बसवलं. हिरवी, पिवळी, लाल अशा तीन रंगांत रिकामी, धरलेली, पक्की. काकूंना फोनवर नोंद करायला शिकवलं. स्क्रीनची चित्रं प्रोजेक्टला मिळाली, विभागाची अट पूर्ण झाली.

मूल्यमापनाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो थोडा विनोदी झाला. फ्रेड डेव्हिसच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार मॉडेलनुसार वापरणाऱ्याला ते उपयुक्त वाटतं का आणि सोपं वाटतं का, हे मोजायचं असतं. मानसीने पाच पायऱ्यांची प्रश्नावली केली. काकूंनी प्रत्येक प्रश्नाला सर्वात वरचा गुण दिला. मुलगी एवढी मेहनत घेते, तिला कमी कशाला द्यायचं. तीन जणांच्या उत्तरांची सरासरी काढून तक्ता अहवालात गेला. तक्ता काढून टाक असं मी सुचवलं होतं. प्रश्नावली नसेल तर बाहेरचे परीक्षक विचारतील, म्हणून तिने ठेवला.

परिणाम

प्रोजेक्ट जूनअखेर संपला, घर पावसाळ्यासाठी बंद झालं. दिवाळीआधी मानसी पुन्हा जाऊन आली तेव्हा फोनवरचं रंगीत कॅलेंडर कोणी उघडतही नव्हतं. शेवटची नोंद तिनेच केलेली.

पण कालनिर्णय बदललं होतं. पक्क्या पाहुण्याचं नाव पेनाने, धरलेल्याचं पेन्सिलने आणि त्यापुढे तारीख: या दिवशी फोन करायचा. खोडता येतं म्हणून पेन्सिल. रात्री जेवणं उरकली की काका पानाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, मुलगा तो बघून साईटी उघडतो किंवा बंद करतो. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नोव्हेंबरातच आणून चालू वर्षाच्या मागे त्याच खिळ्याला अडकवलेलं, त्यामुळे जानेवारीच्या नोंदींनाही जागा झाली.

त्या डिसेंबरात एकही खोली दोघांना गेली नाही. एकदा थोडक्यात वाचलं. दुपारी काकूंनी एक खोली धरली आणि संध्याकाळी, फोटो यायच्या आधी, मुलाने तीच साईटवर टाकली. दोघांचं फोनवर बोलणं झालं म्हणून कळलं आणि त्याने ती लगेच काढली. दिवसातून एकदाच जुळणी होते तेव्हा मधल्या वेळेत भोक राहणारच. काकूंना ते माहीत आहे आणि गर्दीच्या आठवड्यात फोटो दोनदा जातो. कोल्हापूरच्या कुटुंबाला काकूंनी स्वतः फोन केला. ते फेब्रुवारीत आले.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, सॉफ्टवेअर कुठे आहे? मानसीने माहिती प्रणालीचं यश मोजण्याच्या, डीलोन आणि मॅक्लीन यांच्या मॉडेलचा आधार घेतला. १९९२ च्या मूळ मांडणीत आणि २००३ च्या सुधारित मांडणीतही प्रणालीचा दर्जा आणि माहितीचा दर्जा वेगळे मोजले जातात. इथे दुसरा सुधारला. उत्तर बरोबर होतं. गुण मध्यम मिळाले.

वेगळं काय करता आलं असतं

काकू आधीपासून भिंतीवर लिहीत होत्या. तिसरी अवस्था त्याच कागदावर आणून बघायला एक पेन्सिल पुरली असती आणि ती चाचणी मे महिन्याच्या गर्दीतच झाली असती. नमुना हवा या अटीमुळे मानसी फोनच्या कॅलेंडरकडे वळली आणि उरलेले आठवडे शिकवण्यात गेले. विभागाने ‘प्रणाली’ या शब्दात कागदी प्रणाली बसू दिली असती तर अहवाल जास्त प्रामाणिक झाला असता. हे मी बैठकीत मांडलं आहे, निर्णय व्हायचा आहे.

रिक्षावाल्याशी ती एकदाच बोलली, तेही शेवटी. नियमाने त्याचं नुकसान होतं: फोन करून थांबायचं म्हणजे पाहुणा दुसऱ्या रिक्षात. तो आता या घरी कमी पाहुणे आणतो. चार वाटांपैकी एक आटली, आणि घोटाळे कमी होण्यात त्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

परत पाठवलेल्या पाहुण्यांची नोंदही झाली नाही. खोली नाही म्हणून किती जणांना नकार दिला, हे माहीत नसताना वाटणी दोन-तीन अशी बरोबर की तीन-दोन अशी, हे सांगता येत नाही. कॅलेंडरच्या कडेला एक रेघ मारली असती तरी चाललं असतं.

आणि आधार कार्डांचे फोटो. माग काढताना मानसीच्या समोर शेकडो पाहुण्यांची ओळखपत्रं आली, काकूंच्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं पडून असलेली. पाहुण्याची ओळख तपासायची आणि नोंदवायची, हे ठीकच. पण काम झाल्यावर ती पुसायची कधी, हे कोणी ठरवलेलं नाही. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ साली झाला, तो आम्ही वर्गात शिकवतो. अहवालात त्यावर एक परिच्छेद आहे, घरात मात्र काहीच बदललं नाही. अजून ते फोटो तसेच आहेत.

सध्याचा प्रश्न वेगळा आहे. मुलाला शेजारची तीन खोल्यांची चाळ भाड्याने घ्यायची आहे, आणि तिथे पगारी माणूस ठेवायचा आहे. त्या माणसाला काकूंची भिंत दिसणार नाही. फोटो रात्री येतो, त्याला उत्तर दुपारी द्यावं लागेल. उलाढालही २० लाखांच्या जवळ जाईल. आठ खोल्या, दोन इमारती आणि लिहिणारे दोघे झाले की चॅनल मॅनेजरचं मासिक भाडं परवडतं, असा हिशोब मानसीने परिशिष्टात करून ठेवला आहे. त्यात एक ओळ रिकामी सोडली आहे: सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिलची नोंद कोण करणार. मुलाचं म्हणणं पगारी माणसाने. काकूंनी अजून होकार दिलेला नाही.